लाँग आर्म लावण्याआधी क्रॉसमेंबर बळकट करा

ब्रेक दाबला की गाडीच्या पोटातून ‘टक्’ असा एकच आवाज यायचा. मी तीन आठवडे बुश (सांध्यांतली रबरं) तपासत होते. शेवटी धाकट्या भावाला आत बसवून गाडी पुढे-मागे करत ब्रेक मारायला लावले आणि स्वतः खड्ड्यात उतरून टॉर्च धरला. गिअरबॉक्सखालच्या क्रॉसमेंबरवर, म्हणजे चेसिसला आडव्या बसणाऱ्या पट्टीवर, बोल्टच्या भोकापासून कडेपर्यंत केसाएवढी तांबूस रेघ दिसली. ब्रेक दाबला की ती उघडायची, सोडला की मिटायची. लाँग आर्म, म्हणजे ॲक्सलला चेसिसशी जोडणारे लांब दांडे, मी नीट मोजून लावले होते, पण ते ज्यावर टेकतात तो तुकडा जुनाच ठेवला होता.

आधी आर्म लांब का करायचे ते बघू. खडतर वाटांसाठी गाडी उंच केली की आर्म तिरके होतात. समजा, आर्म 400 मिमीचा आहे आणि त्याचं ॲक्सलकडचं टोक चेसिसकडच्या टोकापेक्षा 150 मिमी खाली आहे. हा कोन साधारण 22 अंश. चाक दगडावर चढून आर्म आडवा होईपर्यंत ॲक्सल जवळजवळ 29 मिमी पुढे सरकतो, म्हणजे दगड येतो त्याच दिशेला. धक्का थेट अंगात बसतो तो यामुळे. तोच आर्म 900 मिमीचा केला तर कोन साडेनऊ अंशांच्या आसपास येतो आणि सरकणं 13 मिमीच्या आत राहतं. उंची थोडीच वाढवली असेल तर या भानगडीत पडू नका, जुन्या आर्मचे ब्रॅकेट खाली घेऊन भागतं.

आता क्रॉसमेंबर. 33 इंची टायरची त्रिज्या सुमारे 419 मिमी. खालचे आर्म ॲक्सलच्या मध्यापासून 60 मिमी खाली आणि वरचे 120 मिमी वर आहेत असं धरा. ब्रेक मारताना पुढच्या टायरांवर जमिनीकडून 1 टनाचा जोर आला, तर खालच्या दोन आर्ममध्ये मिळून 3 टन दाब येतो आणि वरच्यांत 2 टन ताण, उलट्या दिशेने. मूळ गाडीत हे चेसिसच्या मजबूत भागावर जातं. लाँग आर्ममध्ये ते सगळं मधल्या क्रॉसमेंबरवर येतं: खाली मागे ढकल, वर पुढे ओढ. म्हणजे क्रॉसमेंबर पिळला जातो. बुटांचा रिकामा खोका झाकण काढून दोन्ही हातांनी पिळून बघा, मग झाकण चारही कडांनी चिकटवून पुन्हा पिळा. उघड्या सी-आकाराच्या पत्र्यात आणि बंद पेटीत हाच फरक असतो.

म्हणून क्रॉसमेंबर काढा आणि टेबलावर ठेवून काम करा. गिअरबॉक्सखाली लाकडी ठोकळा आणि जॅक, चेसिसखाली चार स्टँड. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. सीची उघडी बाजू 5 मिमी पट्टीने बंद करा, खालच्या बाजूला पाणी निघायला दोन भोकं ठेवा. आर्मच्या ब्रॅकेटच्या मागे पेटीच्या आत आडवा गसेट (आधाराचा पत्रा) घाला, नाहीतर ब्रॅकेट पत्र्यालाच आत दाबतो. गिअरबॉक्सचा रबर माउंट तसाच राहू द्या आणि क्रॉसमेंबर बोल्टवरच ठेवा. तो चेसिसला वेल्ड केलात तर पुढे गिअरबॉक्स उतरवताना ग्राइंडर लागेल.

चेसिसच्या आरपार जाणाऱ्या प्रत्येक बोल्टला आतून जाड नळी हवी. ती नसेल तर बोल्ट आवळताना चेसिसच्या भिंती आत दबतात, काही दिवसांनी बोल्ट ढिला होतो आणि भोक लांबट होतं. माझा तडा अशाच भोकापासून सुरू झाला होता. चेसिसवर बाहेरून लावायची पट्टी दोन्ही टोकांना माशाच्या शेपटीसारखी कापा. वेल्ड चेसिसच्या लांबीच्या दिशेने घ्या. चेसिसला सरळ आडवी जाणारी वेल्डची रेघ म्हणजे पुढच्या तड्याची जागा. एकाच ठिकाणी सलग वेल्ड करू नका, चार-पाच सेंटीमीटर इकडे, मग पलीकडे, म्हणजे चेसिस वाकत नाही. जीप चेरोकी एक्सजेसारख्या वेगळी चेसिस नसलेल्या गाडीत आधी तळाच्या पत्र्याच्या रेल्सना लांब पट्ट्या लावून घ्याव्या लागतात, त्याशिवाय पुढे जाऊच नका.

वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर आणि ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) प्लग काढा. अर्थ क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावा, करंट बेअरिंगमधून जाता कामा नये. डिझेल-पेट्रोलची आणि ब्रेकची नळी कुठून जाते ते हाताने चाचपून बघा. एका माणसाने फक्त आगीवर लक्ष ठेवायचं.

जुने ब्रॅकेट कापण्याआधी ओळंबा घ्या. गाडी सपाट जमिनीवर, दोन्ही ॲक्सलच्या टोकांपासून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा करा आणि तिरपी मापं जुळतात का बघा. नंतर ॲक्सल कुठे होता हे सांगणारी तेवढीच गोष्ट उरते. नवीन ब्रॅकेट फक्त टाक्यांवर, म्हणजे वेल्डच्या छोट्या ठिपक्यांवर, धरा. मग स्प्रिंग काढून ठेवा आणि जॅकने ॲक्सल वर-खाली करा: पूर्ण वर, पूर्ण खाली, एक चाक वर दुसरं खाली, स्टिअरिंग दोन्ही टोकांना. आर्म टायरला लागतो का, प्रॉपेलर शाफ्ट क्रॉसमेंबरला घासतो का, ब्रेकचा होज ताणला जातो का, सायलेन्सर मध्ये येतो का? मला या कामाला अख्खा रविवार लागला आणि एक ब्रॅकेट दोनदा सोडवावा लागला. टाके तोडणं सोपं असतं, पूर्ण वेल्ड कापणं जिवावर येतं.

आर्मची लांबी दोन्ही बाजूंना सारखी ठेवा. जॉइंटचे आटे बोल्टच्या जाडीच्या किमान दीडपट आत गेलेले असावेत. पुढच्या ॲक्सलला कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) आणि पिनियनचा (ॲक्सलमध्ये शाफ्ट जिथे जोडतो त्या टोकाचा) कोन एकत्रच बदलतो. कॅस्टर वाढवला की पिनियन खाली झुकतो. मी कॅस्टरला मान देते, कारण तो कमी पडला तर वेगात स्टिअरिंग भरकटतं. मागे प्रॉपेलर शाफ्टला दोन्ही टोकांना एकेरी क्रॉस (वळणारा सांधा) असेल तर पिनियन ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीच्या) आउटपुटला समांतर ठेवा, वरच्या टोकाला दुहेरी क्रॉस असेल तर त्याच्याकडे रोखलेला.

रबराचे बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. लटकत्या ॲक्सलवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट 10.9 ग्रेडचे घ्या आणि टॉर्क त्या बोल्टच्या तक्त्याप्रमाणेच द्या. वेल्ड घासून, प्राइमर मारून रंगवा आणि पेटीच्या आत मेणाचा स्प्रे मारा.

प्रत्येक नटावरून ब्रॅकेटवर जाणारी पांढऱ्या रंगाची रेघ ओढा. पहिल्या 100 किलोमीटरनंतर आणि पहिल्या खडतर वाटेनंतर खाली जाऊन बघा: रेघ तुटली असेल तर नट फिरलाय. क्रॉसमेंबरला मी फिकट राखाडी रंग दिलाय, काळा नाही. काळ्यावर गंजाची बारीक रेघ दिसत नाही.