टोकियोतली रात्र: आधी शेवटची गाडी बघा, मग बार

नोकरीसाठी किंवा शिकायला टोकियोत नव्याने आलेली आपली मुलं हमखास विचारतात, इथे बार किती वाजता बंद होतात? मी त्यांना उलट विचारतो, तुमची शेवटची गाडी किती वाजता आहे?

मुंबईत दीड वाजला की बारचं शटर खाली येतं, ड्राय डे पाळावा लागतो, कागदोपत्री का होईना परमिट लागतं. जपानात यातलं काहीच नाही. पोलिसांकडे रीतसर नोंद केलेला साधा बार व्यापारी भागात पहाटेपर्यंत दारू देऊ शकतो. कोन्बिनीत, म्हणजे रात्रंदिवस उघड्या छोट्या दुकानांत तर चोवीस तास बिअर मिळते. वेळेचं बंधन आहे ते मुख्यतः शेजारी बसून सरबराई करणाऱ्या होस्टेस क्लबांना. त्यांना मध्यरात्री, काही भागांत एक वाजता, बंद करावं लागतं. बाकीच्यांची वेळ ठरते ती रेल्वेवर. साडेबारा-एकच्या सुमारास गाड्या थांबतात आणि पहाटे साडेचार-पाचला पुन्हा सुरू होतात. मधले चार तास तुम्ही असाल तिथेच अडकता.

टोकियोच्या पूर्वेकडच्या निशिकासाईत आपली पुष्कळ माणसं राहतात, म्हणून तिथलंच सांगतो. बार-हॉटेलांच्या गजबजलेल्या शिंजुकू भागातून घरी यायला एकदा तरी गाडी बदलावी लागते. निशिकासाईला येणाऱ्या तोझाई लाइनची शेवटची गाडी साडेबाराच्या आसपास असली, तरी ती पकडायची तर शिंजुकू त्याच्या बरंच आधी सोडावं लागतं. रात्री उशिराच्या काही गाड्या मधल्याच स्टेशनावर संपतात, तेव्हा पाटीवर गाडीचं शेवटचं स्टेशन कोणतं ते वाचून मगच चढा. शनिवार-रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं. प्रवासाच्या जपानी अॅपमध्ये ‘शूदेन’, म्हणजे शेवटची गाडी शोधायची सोय असते. घरून निघतानाच ती वेळ बघून गजर लावून ठेवा. गाडी चुकली तर टॅक्सीला रात्री १० ते पहाटे ५ वीस टक्के जास्त पडतात. शिंजुकू ते निशिकासाई आठ हजार येन सहज जातात.

आता दुकानाबाहेरच्या पाट्या. ‘१७:०० ते २६:००’ असं लिहिलेलं दिसलं तर ती छपाईची चूक समजू नका. मध्यरात्रीनंतरचे तास पुढे मोजायची इथली रीत आहे, २६ म्हणजे पहाटेचे दोन. शेजारी ‘एल.ओ.’ असेल तर ती शेवटच्या ऑर्डरची वेळ, बंद व्हायच्या अर्धा-एक तास आधीची. त्यानंतर काही मागू नका, आग्रह तर मुळीच नको. इझाकाया, म्हणजे पिण्याबरोबर खाणंही मिळणारी जपानी दुकानं, साधारण संध्याकाळी पाचला उघडतात. गर्दीच्या दिवशी अनेक ठिकाणी दोन तासांत टेबल सोडावं लागतं, हे बसतानाच सांगतात. छोटे बार रविवारी किंवा सोमवारी बंद असू शकतात आणि नववर्षाच्या सुट्टीत तर कितीतरी दुकानं बंदच असतात.

बसल्याबरोबर न मागवलेली एक छोटी वाटी समोर येते. ती ओतोशी. तिचे माणशी तीनशे ते पाचशे येन बिलात लागतात. त्याला फसवणूक समजून वाद घालू नका, ते बसण्याचं शुल्क आहे. शिंजुकूतल्या गोल्डन गाईसारख्या गल्लीत सहा-आठ खुर्च्यांचे बार असतात. तिथे बहुतेक ठिकाणी वेगळा चार्ज असतो, तो दारावर लिहिलेला असेल तर आधी वाचा. टिप कुणालाही देऊ नका. प्रत्येकाने एक तरी पेय घ्यावं अशी अपेक्षा असते, पण ते ऊलाँग चहा असलं तरी चालतं. ऑफिसच्या मंडळींबरोबर न पिणाऱ्याने संकोच अजिबात करू नये. सगळ्यांचे ग्लास येईपर्यंत थांबा, ‘काम्पाई’ म्हणा आणि शेजाऱ्याचा ग्लास रिकामा दिसला तर भरा. तेवढ्याने माणसं जवळ येतात. शाकाहारी असाल तर एदामामे, म्हणजे उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा, निर्धास्त मागवा. थंड टोफूवर मात्र वाळवलेल्या माशाचा कीस असतो आणि आगेदाशी, म्हणजे तळलेल्या टोफूच्या रश्श्यातही मासा असतो. हे आधी कळलेलं बरं.

कायद्याच्या बाबतीत मी जरा कडक बोलतो, कारण इथे व्हिसा पणाला लागतो. १८ व्या वर्षी सज्ञान धरायला एप्रिल २०२२ पासून सुरुवात झाली, पण दारू-सिगारेटचं वय २०च राहिलं. भाषाशाळेत आलेल्या मुलांनी हे लक्षात ठेवावं. शिबुया स्टेशनच्या परिसरात संध्याकाळी ६ ते पहाटे ५ रस्त्यावर पिण्यास मनाई आहे. आणि सगळ्यात महत्त्वाची सायकल. आपण सगळे स्टेशनवर सायकल लावतो, रात्री तीच घेऊन घरी येतो. नोव्हेंबर २०२४ पासून पिऊन सायकल चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. प्यालेल्या माणसाला सायकल देणाराही सुटत नाही. सायकल हातात धरून पायी न्या, नाहीतर स्टेशनवरच ठेवा. रेसिडेन्स कार्ड सतत जवळ हवं, पाहुण्यांकडे पासपोर्ट.

काबुकिचो किंवा रोप्पोंगी या रात्री जागणाऱ्या भागांत कुणी इंग्रजीत, हसतमुखाने ‘एक तास, तीन हजार येन’ म्हणत मागे लागलं तर थांबू नका. गिऱ्हाईक असं रस्त्यावर गाठून ओढायला तिथे मनाई आहे, तरीही माणसं उभी असतात. त्यांच्यामागे गेलेल्यांच्या हातात लाख येनच्या घरातली बिलं पडलेली आहेत. दुकान स्वतः निवडा, दरपत्रक बघून बसा. अडकलात तर कार्ड देऊ नका, ११० ला फोन करा किंवा जवळच्या कोबानमध्ये, म्हणजे पोलीस चौकीत जा.

गाडी चुकलीच तर स्टेशनच्या पायऱ्यांवर बसून राहू नका. कराओकेवाल्यांकडे पहाटे पाचपर्यंतचा ठोक दर असतो, मांगा (जपानी कॉमिक्स) कॅफेत आडवं व्हायला खोपटं मिळतं, कॅप्सूल हॉटेलात अंघोळही होते. डिसेंबरमधल्या शुक्रवारी, ऑफिसांच्या बोनेनकाई, म्हणजे वर्षअखेरच्या पार्ट्यांच्या दिवसांत, ही ठिकाणं लवकर भरतात. त्या रात्री उशीर होणार असं वाटलं, तर अकराच्या आतच जागा धरून ठेवा.