तीन बायका, बारा पेट्या: गावच्या उत्सवासाठी चोरीची विनोदी एकांकिका

कोकणात शिमगा, माघी गणपती, सत्यनारायण असं काही निमित्त असलं की गावचं नाटक होतंच. पण बायकांच्या वाट्याला बहुतेक वेळा सोशिक आई नाहीतर भांडखोर सासू येते. तीन बायकांनी मिळून केलेली चोरी हा विषय त्यांना खऱ्या भूमिका देतो.

नमुना म्हणून 2008 चा ‘मॅड मनी’ जरूर बघा. दिग्दर्शिका कॅली खौरी. डायन कीटन, क्वीन लतिफा आणि केटी होम्स यांचा हा सिनेमा आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत जुन्या नोटा यंत्रात घालून फाडल्या जातात. एक बाई तिथे साफसफाई करते, दुसरी फाडण्याच्या यंत्रावर असते, तिसरी नोटांची गाडी ढकलते. गाडीचं कुलूप काढून तसंच दिसणारं आपलं लावायचं, ही त्यांची मूळ युक्ती. एकीला वगळलं तर चोरी होतच नाही. हीच गोष्ट तिथून उचला; कथा आपलीच लिहा.

म्हणून आधी कामं ठरवा, स्वभाव नंतर. एक मासळी विकणारी: दारोदार फिरते, कोण कधी घरी असतं हे तिला पाठ. दुसरी पोस्टातून निवृत्त झालेली: गाठी, सील, हिशेब तिच्या हातात. तिसरी दलालाच्या खळ्यात आंबा भरणारी तरुण सून. एरवी या तिघी एका पंगतीला बसणार नाहीत. मैत्री संवादातून सांगू नका, कामातून होऊ द्या. पहिल्या प्रवेशात जिच्या हातचं पाणीही निवृत्त बाई घेत नाही, तिच्याच पाटीतलं भाजलेलं बांगड्याचं तुकडं ती शेवटी खाते, एवढं पुरतं.

चोरायचं काय? दलालाने दाबून ठेवलेले बचत गटाचे पैसे. ते आंब्याच्या पेटीत पेंढ्याखाली आहेत आणि ओळख म्हणून त्या पेटीला लाल नाडी बांधलेली आहे. बायका पेटी हलवतच नाहीत. नाडी सोडून शेजारच्या पेटीला बांधतात. दलाल स्वतःच्या हाताने भलतीच पेटी टेम्पोत चढवतो. प्रेक्षक इथे हसतात, कारण त्यांना माहीत असतं आणि त्याला नसतं.

बेत सांगण्याचा एक नियम पाळा: जो बेत आधी पूर्ण सांगितला तो फसला पाहिजे, जो फसायचा नाही तो लपवा. सांगितलेला बेत तसाच पार पडला तर प्रेक्षक तेच दोनदा बघतात आणि विड्या ओढायला बाहेर जातात.

चाळीस मिनिटं धरा. ओळख दहा, बेत दहा, चोरी पाच, उरलेला सगळा घोळ. चोरीच्या पाच मिनिटांत एकही शब्द नको. फक्त एक पखवाज, आणि कुणी चाहूल घेतली की तोही थांबतो. हा प्रवेश अंधारात, दोन बॅटऱ्यांच्या उजेडात लिहा. वीज गेली तरी नाटक थांबत नाही, हा फायदा वेगळाच.

पेट्या खऱ्या घ्या, हंगामानंतर गावात रिकाम्या मिळतात. बारा पुरतात. रिकामी पेटी उचलली की पिसासारखी हलते आणि फसवणूक उघडी पडते. म्हणून हाताळायच्या पेट्यांत प्रत्येकी पाच किलो वाळूची पिशवी पेंढ्यात घट्ट बसवा. सैल राहिली तर चालताना आत घसरते आणि नटीचा तोल जातो. नाडी सुती आणि दोन बोटं रुंद हवी. सुंभ वापरू नका. त्याचे तंतू एकमेकांत अडकतात आणि ऐन वेळी सरकती गाठ सुटत नाही. ओढायचं टोक वीतभर लांब ठेवा, अंधारात हाताला लागतं.

बोली आपापल्या गावचीच. मालवणात ‘वयनी, पेटी खय ठेवलात?’ हे जसं तोंडात बसतं तसं पुस्तकी वाक्य बसत नाही. पण तिघींची बोली सारखी नको. पोस्टातली बाई चिडेपर्यंत शुद्धच बोलेल, आणि ती पहिल्यांदा मालवणीत ओरडते ती जागा जपून ठेवा. आणि हो, बाईचं काम बाईलाच द्या. नमन या कोकणी लोकनाट्यातली मावशी पुरुषानेच करावी, तिची गंमत वेगळी. इथे पुरुष साडी नेसला की लोक साडीला हसतात, तिघींचं नातं मागे पडतं.

समुद्राकडचा वारा माइकमध्ये घोंघावतो. स्पंजची टोपी लावा आणि बेत ठरतानाचा संवाद मधल्या माइकपासून दोन पावलांतच ठेवा. शेवटची तालीम रात्री, मांडवातच. एकीला शेवटच्या रांगेत उभं करा. बॅटरीच्या उजेडात लाल नाडी तिला दिसली नाही, तर नाडी तीन बोटं रुंद करा.