जुळ्यांना पाळण्यातून बाजेवर आणताना

आमच्या जुळ्यांपैकी थोरला, म्हणजे बहिणीपेक्षा अकरा मिनिटांनी मोठा असलेला मुलगा, सव्वादोन वर्षांचा असताना एका पहाटे पाळण्याच्या कठड्यावर पाय टाकून पलीकडे उतरला. तो पडला नाही, रडलाही नाही. खाली आल्यावर त्याने सर्वांत आधी बहिणीचा पाळणा गाठला आणि दांड्यांतून हात घालून तिचे दुपटे ओढायला सुरुवात केली. त्या खुडबुडीने मला जाग आली. तिसऱ्या दिवशी धाकटीही तसाच पाय टाकू लागली. एकट्या लेकराच्या आईवडिलांना अशा वेळी विचार करायला थोडी सवड मिळते. जुळ्यांच्या घरी ती मिळत नाही, कारण एकाला जे जमले ते दुसऱ्याला शिकवावे लागत नाही. म्हणून खाटांची तयारी लेकरे कठडा ओलांडू लागण्याआधीच करून ठेवावी आणि बदल मात्र खरी गरज पडल्यावरच करावा.

ही गरज साधारणपणे दीड ते साडेतीन वर्षांच्या दरम्यान केव्हाही येते. लेकरू पाळण्यात उभे राहिले असता कठड्याची वरची दांडी त्याच्या छातीखाली येऊ लागली, किंवा त्याची उंची ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे तीन फुटांच्या आसपास पोहोचली, की पाळणा त्याला अपुरा पडू लागला असे समजावे. उंची घरी नीट मोजता येत नसेल तर अंगणवाडीत वजनाबरोबर तीही मोजून घ्यावी. दोघांपैकी कोणीही चढत नसेल आणि दोघेही पाळण्यात स्वस्थ झोपत असतील, तर केवळ शेजारच्या घरची मुले खाटेवर झोपतात म्हणून घाई करू नये. साडीच्या झोळीचा नियम मात्र वेगळा आहे. लेकरू स्वतःहून झोळीत चढू लागले, तिच्यात बसून गिरक्या घेऊ लागले, की ती झोळी त्याच दिवशी सोडून ठेवावी. पीळ पडलेल्या साडीचा फास गळ्याला बसून चालत्याफिरत्या मुलांचे जीव गेलेले आहेत, आणि जुळ्यांत तर एक आत बसतो व दुसरा पीळ देतो.

हा बदल कोणत्या महिन्यात करावा, याचा विचार आपल्याकडे विशेष करावा लागतो. दिवाळीनंतर शेतकऱ्याच्या घरात कापूस येतो आणि भाव वाढण्याची वाट पाहत तो बहुधा झोपण्याच्याच खोलीत भरला जातो. त्या खोलीत मुलांना झोपवू नये, कारण साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते आणि मऊ ढिगात उड्या मारणारे लहान मूल त्यात नाकातोंडापर्यंत रुतू शकते. पौषाची थंडी नव्या अंथरुणाला अनुकूल नसते, कारण पाळण्यात अंगावर राहणारे पांघरूण खाटेवर रात्रीतून चारदा खाली पडते. वैशाखात सारे घर अंगणात झोपते आणि मृगानंतर सापकिरडूचे दिवस लागतात. मला संक्रांत ते होळी हा काळ सर्वांत योग्य वाटतो: कापूस विकला गेलेला असतो, खोली मोकळी झालेली असते, थंडी उतरलेली असते आणि पावसाळ्यापूर्वी सवय मुरायला तीन-चार महिने हाती राहतात. मुलांनी त्याआधीच कठडा ओलांडला तर अर्थातच मुहूर्त पाहत बसू नये.

आता मुख्य प्रश्न उंचीचा. लहान मूल खाटेवरून पडेल या भीतीने पुष्कळ जण गादी सरळ जमिनीवर टाकण्याचा सल्ला देतात. शहरातल्या चौथ्या मजल्यावर तो सल्ला बरोबर असेल. आपल्या मातीच्या किंवा फरशीच्या घरात, जिथे मागच्या भिंतीला पऱ्हाटीचा नाहीतर तुराट्यांचा, म्हणजे कापसाच्या किंवा तुरीच्या वाळक्या काड्यांचा, ढीग टेकलेला असतो, शेजारी गुरांच्या कुटाराची, म्हणजे भुशाची, खोली असते आणि धान्याच्या पोत्यांमागे उंदीर असतात, तिथे तो पाळू नये. मण्यार हा साप रात्री फिरतो, उंदरांच्या आणि इतर लहान प्राण्यांच्या मागावर घरात शिरतो आणि त्याचे दंश बहुतेक वेळा जमिनीवर झोपलेल्या माणसांना होतात. त्याचा दात इतका बारीक असतो की पुष्कळदा झोप मोडण्याइतकीही वेदना होत नाही. पहाटे मूल पोटदुखीने रडत उठले आणि त्याच्या पापण्या जड होऊन मिटू लागल्या, तर जखम दिसत नसली तरी मण्यारीची शंका घ्यावी, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या गाडीने रुग्णालय गाठावे. मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नये. विंचवाच्या बाबतीतही लहान मुलाला तितक्याच तातडीने डॉक्टरांकडे न्यावे.

तेव्हा खाट बुटकी असावी, पण खाट असावी. आम्ही गावातल्या सुताराकडून दोन लहान बाजा करवून घेतल्या: लांबी पाच फूट, रुंदी अडीच फूट आणि गादीसह जमिनीपासून उंची साधारण बारा ते चौदा इंच. इतक्या उंचीवरून दोन वर्षांचे मूल पोटावर वळून पाय आधी खाली सोडत स्वतः उतरू शकते, आणि झोपेत घसरलेच तर खाली अंथरलेल्या घडीच्या वाकळीवर त्याला फारसे लागत नाही. पोटावर वळून उतरण्याचा सराव मात्र दिवसा, खेळाखेळात, आठ दिवस आधीपासून द्यावा. आमच्या धाकटीला तो दुसऱ्याच दिवशी साधला. थोरला डोके आधी खाली घालायचा, म्हणून त्याच्याकडून तो पुन्हा पुन्हा करून घ्यावा लागला.

लाकूड सागवानच हवे असा हट्ट धरण्याचे कारण नाही. बांधावरच्या वाळलेल्या बाभळीचे खूरही मुलांचे वजन वर्षानुवर्षे पेलतात. फक्त रंधा नीट मारलेला असावा, कुसळ किंवा खिळ्याचे डोके वर आलेले नसावे. वर सुताची नवार विणावी. ती धुता येते, उन्हाळ्यात खालून वारा लागू देते आणि सैल झाली की पुन्हा ताणता येते. बाज झोळासारखी लवू लागली तर ती त्याच आठवड्यात कसून घ्यावी, नाहीतर लेकरू मध्ये घरंगळते आणि त्याची पाठ सरळ राहत नाही. जुनी रंगवलेली खाट वापरायची असल्यास तिचा रंग पोपडे धरत नाही ना, हे पाहावे. घरगुती रंगांतील शिशाच्या प्रमाणावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा घालणारे नियम भारतात २०१६ साली झाले. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे अधिक असू शकते आणि दात येणारी मुले खाटेची कड चावतातच. अशी खाट घरात खरवडू नये, कारण त्याची धूळही घातक असते. ती मोठ्यांसाठी ठेवावी आणि मुलांसाठी बिनरंगाचे लाकूड घ्यावे. बाजूला कठडा लावायचा असेल तर त्याच्या पट्ट्यांमधले अंतर ६ सेंटिमीटरहून कमी ठेवावे आणि कठडा व गादी यांच्यात, तसेच खाट व भिंत यांच्यात, मुलाचे डोके किंवा मान अडकेल अशी फट मुळीच राहू देऊ नये. पावसाळ्यात खाट भिंतीपासून चांगली दीड-दोन फूट पुढे ओढणे उत्तम, म्हणजे भिंतीवरून सरपटणारे काही थेट अंथरुणात येत नाही.

तरीही केवळ खाटेच्या उंचीवर विसंबू नये. खरी राखण मच्छरदाणीची असते. डास, विंचू आणि साप या तिन्हींपासून एकाच वेळी वाचवणारी दुसरी वस्तू आपल्या घरात नाही. प्रत्येक बाजेला चार कोपऱ्यांत काठ्या बांधून स्वतंत्र मच्छरदाणी लावावी, तिची कड चारही बाजूंनी गादीखाली खोचावी आणि पांघरुणाचे टोक जमिनीला टेकू देऊ नये. मुलांना आत झोपवण्यापूर्वी बॅटरीच्या उजेडात उशी उचलून, वाकळ झटकून, खाटेखाली वाकून पाहावे. आमच्याकडे हे काम मुलांचे आजोबा करतात आणि ते केल्याशिवाय दिवा मालवला जात नाही. मोठ्यांनी रात्री मच्छरदाणी उघडली तर ती पुन्हा खोचण्याची आठवण ठेवावी; चूक होते ती बहुधा तिथेच.

गादी पातळ आणि घट्ट असावी. घरच्या कापसाची रुई पिंजाऱ्याकडून भरून घेतल्यास ती तीन-चार इंचांपेक्षा जाड करू नये आणि तिच्यावर रबरी चादर घालून मगच सुती चादर घालावी, कारण ओली झालेली रुईची गादी पावसाळ्यात चार दिवस वाळत नाही. पांघरुणाच्या बाबतीत एक युक्ती फार उपयोगी पडली. आजीने स्वतःच्या जुन्या लुगड्यांच्या दोन लहान वाकळी शिवल्या, एक हिरव्या काठाची आणि एक लाल काठाची. त्या आम्ही खाटा येण्याच्या पंधरा दिवस आधीपासूनच पाळण्यात घालू लागलो. बाजेवर निजण्याच्या पहिल्या रात्री जागा नवी होती, पण नाकाशी आलेला वास रोजचा होता. थोरल्याने हिरव्या काठाची मुठीएवढी घडी करून गालाखाली घेतली आणि तिच्यावरून आपली बाज कोणती हे त्याने स्वतःच ठरवले. जुळ्यांना पुष्कळ गोष्टी वाटून घ्याव्या लागतात, म्हणून ज्याची त्याची वाकळ आणि ज्याची त्याची बाज हा हक्क त्यांना आवर्जून द्यावा.

आता खोली. पाळण्यात असलेले मूल रात्री कुठे जात नाही. खाटेवरचे मूल जाते, आणि दोघे मिळून अधिक लांब जातात. म्हणून संपूर्ण खोलीच आता पाळणा झाली असे मानून तिची तपासणी करावी. फवारणीची औषधे, त्यांचे रिकामे डबे आणि बियाण्याला लावायची पावडर खाटेखाली किंवा कोनाड्यात ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे. ती सर्व घराबाहेर, कुलपात गेली पाहिजेत. मुलांच्या खाटेखाली काहीही ठेवू नये, म्हणजे बॅटरीने पाहणेही सोपे होते. लोखंडी कपाट भिंतीला पट्टीने जखडावे, कारण खण उघडून पायऱ्या करणे ही जुळ्यांची आवडती चढण असते. कूलर खिडकीबाहेर असावा, त्याला अर्थिंग असावे आणि त्याच्या ओल्या पत्र्याला मुलांचा हात पोहोचता कामा नये. डास पळवणारी कॉइल रुईच्या गादीजवळ कधीही पेटवू नये. न्हाणीतील बादल्या व टाकी रात्री रिकाम्या किंवा झाकलेल्या असाव्यात. दाराला बाहेरून कडी घालून मुलांना कोंडू नये, आग लागली तर ती कडीच जीव घेते. त्याऐवजी कमरेइतके अर्धे दार लावावे. आम्ही त्या दाराला बैलाच्या गळ्यातली जुनी घुंगरमाळ अडकवली. दार हलले की घरभर आवाज होतो.

पहिल्या रात्री दोघांना एकाच दिवशी हलवावे. एक बाजेवर मोकळा आणि दुसरी पाळण्यात अडकलेली, अशी स्थिती ठेवल्यास अडकलेली अधिक जोराने चढते. दोन्ही बाजा समोरासमोरच्या भिंतींकडे ठेवाव्यात, म्हणजे एकीवरून दुसरीवर उडी मारता येत नाही, आणि पहिले काही दिवस आई किंवा आजी यांपैकी एकीने मध्ये आपली खाट टाकावी. जेवण, हातपाय धुणे, शू, दिव्याला नमस्कार, एक गोष्ट आणि मग झोप, हा क्रम रोज तोच ठेवावा. मुलांना निजवायला एकच मोठे माणूस असेल तर लवकर झोपणाऱ्याला आधी झोपवावे आणि दुसऱ्याला अर्धा तास छपरीत आजोबांजवळ बसवावे. दोघांना एकदम निजवण्याच्या प्रयत्नात दोघेही जागतात. मूल उठून आले की हात धरून परत न्यावे, "निज आता बापू" एवढेच म्हणावे आणि पाठ थोपटून बाजूला व्हावे. रागावणे आणि लाड करणे, दोन्हींमुळे त्याला पुन्हा येण्याचे कारण मिळते. आमच्याकडे पहिल्या रात्री मी सतरा वेळा उठले, चौथ्या रात्री पाच वेळा, आणि साधारण तिसऱ्या आठवड्यापासून घुंगरमाळ शांत राहू लागली.

सकाळी दोघे एकाच बाजेवर सापडले तर त्यात बिघडत नाही. ती जन्माआधीपासून एकमेकांना चिकटून आहेत. संध्याकाळी मात्र प्रत्येकाने आपल्याच बाजेवर निजायला सुरुवात करावी. या दिवसांत दुपारची झोप मोडते, तिच्याकडे दुर्लक्ष करू नये: एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास आणि तीन वर्षांनंतर १० ते १३ तास झोप लागते. दोघे दुपारी एकमेकांना झोपू देत नसतील तर एकाला माजघरात निजवावे. रात्रीची जागा बदलू नये. भारनियमनाने पंखा थांबला की दोघेही उठतात, म्हणून चार्जिंगचा दिवा हाताशी असावा आणि काळोखात त्यांना उचलून दुसरीकडे नेण्यापेक्षा तिथेच विंझण्याने वारा घालावा. उन्हाळ्यात अंगणात झोपायचे झाल्यास याच बाजा, याच मच्छरदाण्यांसह बाहेर काढाव्यात; हलक्या बाजेचा हा मोठा फायदा आहे.

रिकामे पाळणे महिनाभर दुसऱ्या खोलीत, डोळ्यांआड ठेवावेत. आजारपणात किंवा फार हट्टाच्या रात्री ते लागतील असे वाटते, परंतु एकदा कठडा ओलांडलेल्या मुलाला पुन्हा आत ठेवू नये, कारण दुसऱ्यांदा ते झोपेच्या गुंगीत, डोक्यावर पडण्याची शक्यता अधिक असते. महिन्यानंतर पाळणे धुऊन, उन्हात वाळवून, त्यांचे नटबोल्ट एका पुरचुंडीत बांधून दांडीलाच अडकवावेत आणि ज्या घरी पुढचे बारसे आहे तिथे द्यावेत. आमचा एक पाळणा माझ्या माहेरी परत गेला आणि दुसरा गल्लीतच, चार घरे पलीकडे आहे. धाकटी तिथे जाते तेव्हा त्यातल्या बाळाला तो माझा होता म्हणून सांगते.