या चुका टाळा: ‘फ्रायविलिगं हेल्फन बाइम आउफबाउ’

जर्मनीत गावच्या जत्रेवजा फेस्टच्या आधी असं वाक्य हमखास कानावर पडतं: ‘फ्रायविलिगं हेल्फन बाइम आउफबाउ’. म्हणजे स्वयंसेवक मांडामांडीला मदत करतात. चारच शब्द, पण मराठी माणूस त्यात बऱ्याच ठिकाणी घसरतो. मीही घसरलोय.

सगळ्यात महागात पडतो तो आउफबाउ आणि आपबाउ यांतला घोळ. आउफबाउ म्हणजे उभारणी, आपबाउ म्हणजे सोडवासोडव, आवराआवर. पहिल्या वर्षी यादीत दोन रकाने होते आणि मी घाईत आपबाउखाली नाव लिहिलं. शनिवारी सकाळी हातमोजे चढवून हजर, तर तिथल्या आजोबांनी यादी उलटीसुलटी करून पाहिली. माझं नाव निघालं रविवारी रात्री बाकं धुऊन ट्रकमध्ये चढवणाऱ्यांत. मग काय, दोन्ही दिवस राबलो.

व्याकरणातली मोठी चूक आपल्या ‘ला’मुळे होते. ‘मी त्याला पाहतो’ आणि ‘मी त्याला मदत करतो’, आपल्याकडे दोन्हीकडे ‘त्याला’च. जर्मनमध्ये मात्र पाहताना ‘ईन’ (इश झेअं ईन) आणि मदत करताना ‘ईम’ (इश हेल्फं ईम). हेल्फनला नेहमी डाटिव्ह, म्हणजे चतुर्थी विभक्ती, लागतं. वाक्यातलं ‘बाइम’ हे ‘बाय’ अधिक ‘डेम’ आहे. तिथलं डाटिव्ह मात्र ‘बाय’मुळे येतं, हेल्फनमुळे नाही. आणि ‘तो मदत करतो’ म्हणताना ‘एअर हेल्फ्ट’ नव्हे, ‘एअर हिल्फ्ट’.

‘मांडायला मदत’ म्हणायची आपली सवयही आड येते. ‘-यला’ म्हणजे ‘साठी’ असं धरून लोक ‘फ्यूर आउफबाउअन’ असं काहीतरी जुळवतात. सरळ ‘बाइम आउफबाउ’ म्हणा. क्रियापदच हवं असेल तर ‘त्सु’ (आपल्या ‘-यला’सारखा शब्द) क्रियापदाच्या पोटात घुसतो: ‘आउफत्सुबाउअन’. साध्या वाक्यात तर शब्द फुटतोच: ‘इश बाउअं दास त्सेल्ट आउफ’, मी तंबू उभारतो, आणि ‘आउफ’ थेट शेवटी. वर्गात ऐकताना लोक हा ‘आउफ’ येईपर्यंत थांबत नाहीत आणि अर्थ हुकतो.

‘फ्रायविलिगं’ हे खरं तर नाम झालेलं विशेषण आहे, म्हणून शेपूट बदलत राहतं. एक पुरुष: ‘आइन फ्रायविलिगर’ (शेवटचा र जवळजवळ गिळून). एक बाई: ‘आइनं फ्रायविलिगं’. तेच स्वयंसेवक: ‘डी फ्रायविलिगन’. पाठ करण्यापेक्षा हे तीन जोडीने बोलत राहा.

उच्चारात शेवटचा ए खणखणीत लावू नका; ‘केलं’, ‘झालं’ यांतल्या ‘लं’सारखा सोडा. मराठी बोलणाऱ्याला हे फुकटात मिळालंय. मूळ विशेषण मात्र ‘फ्रायविलिश’, तिथे शेवटी ग लिहितात, पण म्हणत नाहीत.

आणि संस्थेत वर्षभर बिनपगारी पद सांभाळणाऱ्यासाठी ‘एअरनआम्टलिश’ हा शब्द जास्त शोभतो. एका दिवसापुरता तंबू ओढणारा नुसता ‘हेल्फर’. पैसे नकोत हे सांगायला ‘उमझोन्स्ट’ जपून वापरा. तो शब्द आपल्या ‘फुकट’सारखाच दुतोंडी आहे: विनामूल्यही आणि वायाही. ‘मी उमझोन्स्ट मदत केली’ म्हणालात, तर समोरचा विचारेल, का, तंबू पडला का?