औषध बदलण्याआधी पाणी तपासा

पऱ्हाटी (कपाशी) पात्या-फुलांवर आहे, तुडतुडे-फुलकिडे वाढताहेत. पावसानं उघडीप दिली की सगळ्यांचीच फवारणीची झुंबड उडेल. त्याआधी ड्रममध्ये कोणतं पाणी ओतताय ते बघा. काटोल, कळमेश्वर, सावनेर, कुठल्याही वावरात दरवर्षी तेच: औषध लागलं नाही म्हणून शेतकरी दुकानात जातो, दुकानदार आणखी महागाची बाटली काढून देतो, अन् तीही त्याच बोअरच्या पाण्यात कालवली जाते.

ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ड्रिपच्या नळीवर अन् नोझलवर पांढरा थर धरतो, ते पाणी जड. त्याचा सामू (पीएच) बरेचदा ८ च्या वर निघतो. प्रोफेनोफॉस, मॅलाथिऑनसारखी औषधं अशा पाण्यात फुटतात, निंबोळी अर्कही टिकत नाही. रात्री कालवून सकाळी मारलं तर विचारूच नका. नाल्याचं गढूळ पाणी तणनाशकाला तर अजिबात नको. ग्लायफोसेट मातीच्या कणांनाच चिकटून बसतं.

मग डोस दुप्पट करायचा, तीन औषधं एकत्र करायची, हा उपाय नाही. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली.

सामूची कागदी पट्टी स्वस्तात मिळते. ६ ते ७ च्या दरम्यान रंग आला की पुरे. जास्त असेल तर औषध घालण्याआधी थोडं लिंबूसत्व विरघळवा, पुन्हा पट्टी बुडवा. १५ लिटरच्या पंपाला एक लिंबू पुरतं असा माझा अंदाज आहे, पण पट्टी सांगेल तेच खरं. ‘पीएच बॅलन्सर’ची बाटली कशाला? टिनाच्या पन्हाळीखाली ड्रम लावा, पावसाच्या पाण्यासारखं पाणी नाही.

बाकी नेहमीचं:
- एका पानाला २-३ तुडतुडे किंवा १० फुलकिडे दिसले तरच फवारणी
- आधी ५ टक्के निंबोळी अर्क
- तरी तुडतुडे वाढले तर फ्लोनिकामिड ५० टक्के, १० लिटरला ३ ग्रॅम
- बोंडअळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे)
- मास्क, हातमोजे, वाऱ्याकडे पाठ

संत्रावाल्यांनी एक ध्यानात ठेवा: बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड मारताना पाण्यात लिंबू पिळू नका. आंबट पाण्यात तांबं जास्त सुटतं अन् कोवळी नवती करपते. बोर्डो मारलेल्या पंपात चुना राहतो, म्हणून तो पंप खळखळून धुतल्याशिवाय कीटकनाशकाला वापरू नका.