भाषणात विनोद टाकायचाय? समोर विरोधकाची मावशी बसलीय असं धरून चाला

इलेक्शन जवळ आलं की मला फोन सुरू होतात, "भाषण लिहून दे रे, आणि मध्ये दोन-चार विनोद टाक, लोक झोपतात." मी गोव्यात डिचोली, साखळी, फोंडा ह्या पट्ट्यात सूत्रसंचालन करतो, जत्रेतल्या नाटकाच्या अनाउन्समेंटपासून कोपरा बैठकीपर्यंत काहीही. लिहितो दोन्ही बाजूंना, पैसे दोन्ही बाजू उशिरा देतात. तर फोनवर जे दरवेळी सांगतो ते एकदाच इथे लिहून टाकतो.

आधी एक, पुढच्या तीन रांगांचा हशा मोजू नका. तिथे आपलीच पोरं टीशर्ट घालून बसलेली असतात, साहेबांनी माईक टकटक केला तरी हसतात. विनोद कुणावर आहे ते बघून लोक हसायचं की नाही ठरवतात. ज्याच्यावर आधीच राग त्याची टोपी उडाली की साधं वाक्यसुद्धा भारी वाटतं, आणि तोच विनोद आपल्या माणसावर झाला की "शी, काय ही पातळी". अमेरिकेत स्टीफन कोल्बेर म्हणून एक टीव्हीवाला कट्टर उजव्याचं सोंग घेऊन बोलायचा, त्याच्यावर २००९ साली एक अभ्यास आला होता. डाव्या विचारांच्या लोकांना वाटायचं हा उजव्यांची खेचतोय, आणि उजव्यांतल्या बऱ्याच जणांना वाटायचं हा मस्करीचं नाटक करतो पण मनातून आपलाच आहे. हसायचे दोघंही! मग तुमच्या सभेतल्या हशाचा काय भरवसा.

आणि हशा म्हणजे मत पण नाही हां. २०१९ च्या लोकसभेला राज ठाकरेंचं "लाव रे तो व्हिडिओ" आठवतंय ना, मनसेचा एकही उमेदवार उभा नव्हता तरी सभा खचाखच, आपल्याकडे गोव्यातही लोक जेवताना मोबाईल लावून बघायचे. निकाल लागला तेव्हा ज्यांची खेचली त्याच भाजप-शिवसेना युतीला महाराष्ट्रात ४८ पैकी ४१ जागा. म्हणून मी भाषण चालू असताना मागे बघतो, स्कूटर बंद न करता एक पाय टेकवून ऐकणारा असतो ना, त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं तर समजायचं विनोद लागला.

दुसरं म्हणजे गोव्याचा साईझ. चाळीस मतदारसंघ, एकेकात साधारण पंचवीस-तीस हजार मतं. २०२२ ला सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला, साखळीत खुद्द मुख्यमंत्री प्रमोद सावंत ६६६ मतांनी आले, पणजी ७१६. म्हणजे एका लग्नाच्या पंगतीत बसतील एवढी माणसं. इथे विरोधक म्हणजे कुणाचा तरी मेव्हणा, कुणाचा तरी वर्गमित्र, उद्या सकाळी मासळी बाजारात तोच बाजूला उभा राहून बांगड्याचा भाव विचारणार.

एक माझ्यासमोर झालेलं सांगतो, नाव गाव विचारू नका. पंचायतीचं इलेक्शन, पावसाळा, देवळासमोरच्या मांडवात पन्नास-साठ माणसं. मी लिहून दिलेलं सोडून उमेदवार एकदम रंगात आला आणि विरोधकाबद्दल म्हणाला, ह्याच्या बापाचा जन्म माडावर चढण्यात गेला, आता हा खुर्चीवर चढायला बघतोय. पुढची पोरं टेबल वाजवायला लागली. विरोधकाचे वडील पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारे, होते हे खरं, पण त्या वाड्यावर पाडेल्यांची घरं किती आहेत हे आमच्या साहेबांच्या डोक्यातच नाही. मधल्या रांगेतला एक म्हातारा उठला, छत्री हातात घेतली, दोनदा झटकली, पाणी पुढच्या टीशर्टवाल्यांवर उडालं, आणि निघाला. त्याच्या मागून बायका उठल्या. कुणी एक शब्द बोललं नाही. साहेब पडले, आणि अजून म्हणतात मतं फोडली म्हणून पडलो.

मग विनोद करायचा कुणावर? स्वतःवर, आणि तोही सगळ्यात आधी. दशावतारी नाटकातला संकासुर बघा, येतो आणि भटजीपासून समोर बसलेल्या गावकऱ्यांपर्यंत सगळ्यांची खेचतो, कुणी रागवत नाही, कारण सगळ्यांना माहीत असतं हा शेवटी मार खाणार आहे. पुढारी मार न खाताच संकासुर व्हायला बघतो तिथे गडबड होते. एका आमदाराला मी लिहून दिलं होतं, "उशीर झाला, माफ करा, वाटेत खड्ड्यांना भेटत भेटत आलो, बरेच जुने ओळखीचे निघाले, दोन तर माझ्याच टर्ममधले." विरोधकांनी क्लिप कापली, वर "कबुली दिली!!" असं लिहून फिरवली, पण ती बघून लोकांना तो माणूसच आवडायला लागला, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनीच डिलीट केली. मात्र खड्डे बुजवायचे असतील तरच असं बोला, नाहीतर पुढच्या पावसात तेच वाक्य तुमच्या दारात येईल.

दारात आलेल्या वाक्याचा नमुना गोव्यातच आहे. कला अकादमीच्या दुरुस्तीचं काम टेंडर न काढता दिलं म्हणून २०२२ मध्ये विधानसभेत प्रश्न आला तेव्हा कला-संस्कृती मंत्री गोविंद गावडे म्हणाले होते की शहाजहाननेही ताजमहालसाठी कोटेशन मागवली नव्हती. टाळी घेणारं वाक्य. जुलै २०२३ मध्ये तिथल्या खुल्या रंगमंचाचा स्लॅब कोसळला आणि ताजमहाल त्यांच्या गळ्यात पडला तो पडलाच. म्हणून काम अर्धवट असताना कामावर विनोद नको.

घरगुती उपमा जास्त चालते, पण तीही जपून. २००९ मध्ये पर्रीकरांनी एका मुलाखतीत अडवाणींना लोणच्याच्या रांगेत बसवलं, मुरलेलं छान लागतं पण फार ठेवलं की खवट होतं अशा अर्थाने. गोव्यातल्या माणसाला ह्यात काही विशेष वाटणार नाही, आपण घरात आजोबांना ह्याहून वाईट बोलतो. पण दिल्लीत त्यांच्याच पक्षात खळबळ झाली.

पक्षांतर हा तर तयार माल आहे. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसने उमेदवारांना पणजीची महालक्ष्मी, बांबोळीचा खुरीस (क्रूस) आणि बेतीचा दर्गा असं तिन्हीकडे नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ दिली, सप्टेंबरपर्यंत ११ पैकी ८ आमदार भाजपात. ह्यावर विनोद लिहावाच लागत नाही, फक्त तारखा वाचा. फक्त त्याआधी स्टेजवर मागे कोण बसलंय ते एकदा वळून बघा.

जात, देव, खुरीस, कुणाला घाटी म्हणणं, मराठी-कोंकणी वाद, हे नको. उत्तर गोव्यात पेडण्या-सत्तरीत चाललेली मराठी शाब्दिक कोटी दक्षिणेतल्या सासष्टीत नेऊ नका, तिथले लोक तिकीट काढून तियात्रात, म्हणजे कोंकणी नाटकात, मंत्र्यांवरची कांतारां (गाणी) ऐकतात, तुमचा विनोद त्यांना शाळेच्या गॅदरिंगसारखा वाटेल.

टेस्ट कशी करायची? विनोदाचं फक्त शेवटचं वाक्य कागदावर लिहा, मागचं पुढचं काही नको, आणि चहाच्या गाड्यावर दुसऱ्या पक्षाला मत देणाऱ्या मित्राला वाचायला द्या. क्लिप तेवढीच फिरणार आहे. तो हसला तर ठेवा, "बरं" म्हणाला तर काढा.

चुकलंच तर "मी मस्करीत बोललो" आणि "जर कुणाच्या भावना" ही दोन्ही वाक्यं तोंडातून काढू नका. अजित पवार एप्रिल २०१३ मध्ये इंदापूरच्या सभेत दुष्काळात धरणाच्या पाण्यावरून जे बोलून बसले ते सगळ्यांना पाठ आहे, नंतर माफी मागून कऱ्हाडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर बसावं लागलं. आपल्या पोरांनाही सांगा, ग्रुपवर समर्थन करत बसू नका, तुम्ही जेवढं समर्थन कराल तेवढी क्लिप वर येते.

आणि पावसाळ्यातली सभा असेल तर विनोद टाकूच नका, पत्र्याखाली शेवटचं वाक्य कुणालाच ऐकू जात नाही.