गोधडी मंडळात सहभागी कसे व्हावे: नागपूरकरांसाठी मार्गदर्शन

आमच्या गोधडी मंडळात नवीन येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला पहिल्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या तरी गोधडीवर टाक्यांची एक पूर्ण ओळ घालायला दिली जाते. स्वतःची गोधडी शिवण्याची हौस घेऊन आलेल्यांना हे जरा खटकते, पण त्यामागे कारण आहे. जमिनीवर पसरलेल्या एकाच गोधडीभोवती चौघी-पाचजणी बसतात, तेव्हा प्रत्येकीचा टाका शेजारणीच्या टाक्याशी जुळावा लागतो. एकीने दोरा जास्त ओढला की चुणी पडते आणि ती पुढच्या ओळींतही सरकत जाते. हा मेळ साधला की मंडळातील बाकीची कामे सोपी होतात.

प्रथम मंडळ शोधावे. आपल्या वस्तीतील महिला मंडळ, भजनी मंडळ आणि जुने शिंपी यांच्याकडे चौकशी केल्यास हाताने गोधडी शिवणाऱ्या एक-दोघी तरी नक्की सापडतात. नागपुरातील दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या हस्तकला मेळ्यांतही कारागिरांशी बोलण्याची संधी मिळते. तयार मंडळ मिळाले नाही, तर चार माणसे, दहा बाय दहा फुटांची स्वच्छ फरशी आणि आठवड्यातील एक ठरलेला वार एवढ्यावर काम सुरू होते. उन्हाळ्यात बैठक सकाळी दहाच्या आत संपवावी, कारण मे महिन्यातील दुपारी कूलरसमोर बसूनही घामाने सुई हातातून निसटते.

सोबत जाड सुती दोरा, मोठ्या नेढ्याची सुई, कात्री, अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी) आणि धुतलेले जुने सुती कापड न्यावे. कापडाविषयी मात्र सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण सर्वाधिक चुका इथेच होतात. भेट म्हणून आलेल्या साड्यांत निम्म्या कृत्रिम धाग्याच्या असतात. त्या थरांत घसरतात, घाम शोषत नाहीत आणि ठिणगी पडल्यास वितळून अंगाला चिकटतात, म्हणून देणाऱ्याचा मान राखून त्या बाजूला ठेवाव्यात. सुती साडीचा फॉल उसवावा, खळ पूर्ण निघेपर्यंत ती धुवावी, आणि ओला पांढरा रुमाल कापडावर, विशेषतः काठावर, जोराने घासून रंग सुटतो का ते पाहावे. एका वर्षी आम्ही ही परीक्षा घाईत उरकली. बाळांसाठी दिलेल्या गोधड्यांपैकी एकीच्या लाल काठाने पहिल्याच धुण्यात सोबतची सगळी दुपटी गुलाबी केली, आणि त्या मातांपुढे आम्हाला फार वाईट वाटले. तेव्हापासून प्रत्येक काठाची परीक्षा दोघीजणी स्वतंत्रपणे घेतात. तळासाठी कापड विकत घ्यावे लागलेच, तर गांधीबागेच्या कापडबाजारातून मांजरपाट (जाडसर, न रंगवलेले सुती कापड) आणून तो आधी धुऊन आटवून घ्यावा.

नऊवार साडी सुमारे सव्वाआठ मीटर लांब असते. तिची लांबीत चार पदरी घडी केली की दोन मीटरचे चार थर आपोआप मिळतात आणि तिचा पन्हा (रुंदी) एका माणसाच्या पांघरुणाला पुरतो; आपल्या आज्यांनी मोजपट्टीशिवाय हे माप साधले होते. घडी ताणून अंथरावी, चारही कोपऱ्यांवर वजन ठेवावे, वर ठिगळांची मांडणी करावी आणि वीतभर अंतरावर मोठे कच्चे टाके घालून सर्व थर बांधून घ्यावेत. त्यानंतर काठापासून धावदोरा (सुई खाली-वर नेत घातलेला साधा टाका) सुरू करावा आणि चौकोनी फेऱ्या घेत मध्यापर्यंत यावे. दोन ओळींत बोटभर अंतर पुरे. गाठ कधीही वर ठेवू नये. दोरा हलकेच ओढून ती थरांच्या आत दडवावी. ओळ संपल्यावर त्यावरून तळहात फिरवावा. जिथे उंचवटा लागेल तिथला दोरा लगेच सैल करावा, कारण तीन ओळी पुढे गेल्यावर तो दोष निघत नाही.

दर महिन्याला एक बैठक केवळ दाखवण्यासाठी आणि पाहण्यासाठी ठेवावी. आपले अर्धवट कामही तिथे न्यावे, कारण पूर्ण झालेल्या गोधडीचे कौतुक होते, तर अर्धवट गोधडीवर शिकायला मिळते. संक्रांतीनंतरची आमची बैठक आम्ही हळदीकुंकू न म्हणता तिळगूळ समारंभ म्हणून करतो. मंडळातील सर्वांत सुबक टाका ज्या आजींचा आहे, त्यांना पतीच्या निधनानंतर कित्येक वर्षे अशा कार्यक्रमांचे बोलावणेच नव्हते. नव्या मंडळांनीही हा बदल आवर्जून करावा, असे मला मनापासून वाटते. वाण म्हणून दोऱ्याची रिळे आणि सुया द्याव्यात. पुरुषांनाही बोलवावे, शिंपीकाम केलेल्या एका काकांनी आम्हाला गोधडीचे कोपरे दुमडण्याची पद्धत शिकवली.

सामाजिक उपक्रमाचे नियोजन थंडीपासून उलटे मोजून करावे. विदर्भातील थंडी डिसेंबरात बोचू लागते, म्हणून दिवाळीपूर्वी शिवण पूर्ण व्हायला हवी आणि त्यासाठी कापड पोळ्याच्या सुमारास जमलेले असावे. नागपूरच्या मोठ्या शासकीय रुग्णालयांत विदर्भाबरोबरच मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधूनही रुग्ण येतात, आणि त्यांच्या कितीतरी नातेवाइकांना रात्र उघड्यावर काढावी लागते. या लोकांसाठी आम्ही २० डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, गोधड्या देतो. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या या संताला लोक गोधडे महाराज म्हणत आणि त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या. या कामाला यापेक्षा योग्य दिवस आम्हाला सुचला नाही. नवजात बाळांसाठी गोधड्या द्यायच्या असल्यास तीन बाय तीन फुटांच्या, तीनच थरांच्या आणि मऊ मलमलीच्या शिवाव्यात. मणी, गुंड्या किंवा जरी लावू नये, आणि रुग्णालयाच्या परिचारिकांना आधी भेटून त्यांना काय चालते ते विचारावे.

पैशांचा प्रश्न लवकर मिटवावा. विक्री करायची असेल तर शिवणाऱ्यांचा मोबदला ठरवून वहीत लिहावा. रीतसर संस्था नोंदवायची असल्यास १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान सात सभासद लागतात.

वर्षातून एकदा प्रदर्शन भरवणार असाल, तर प्रत्येक गोधडीच्या मागे, वरच्या काठालगत चार इंच रुंदीची कापडी नळी शिवावी आणि तीत दांडा घालून गोधडी टांगावी. कोपऱ्यांना खिळे ठोकल्यास वजनाने कापड फाटते. थेट ऊन येणारी भिंत टाळावी. खालच्या कोपऱ्यात मागच्या बाजूने बोटभर मांजरपाटाची पट्टी शिवून तिच्यावर दोऱ्यानेच लिहावे: साडी कुणाची, टाके कुणाकुणाचे, वस्ती कोणती, साल कोणते. शाई काही धुण्यांत जाते, दोरा राहतो. आमच्या एका गोधडीवर अशी सहा नावे आहेत आणि सातवी ओळ रिकामी सोडली आहे, कारण तिच्यावरची शेवटची फेरी नव्याने येणाऱ्या सभासदासाठी राखलेली आहे.